सुक्याचा आकडा

दारूखान्यातल्या यार्डात लोखंड रात्रभर
खारा वारा पितं.
सकाळी बोल्टच्या डोक्यावरून हात फिरवला
की बोटाला पिवळं काहीतरी लागतं.
पास्कू मिस्त्री म्हणायचे, हळद नव्हे ती, बाई,
लग्न मोडायची तयारी आहे.

क्रेनच्या फिरत्या कड्याला छत्तीस बोल्ट.
वर सगळं धूड, बूम, केबिन, केबिनमधला लतीफ,
त्याचा डबा, त्याची उशी,
आणि हुकाला जे काही लटकेल ते.
खाली हे छत्तीस जण.

आधी वायर ब्रश. मग डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी,
मग कोरडी. साडीच्या काठाची नको, जर अडकते.
मग नट नुसत्या बोटांनी
शेवटपर्यंत फिरवून बघायचा.
कुरकुरला तर आटा दुखावलाय,
तो बोल्ट बाजूला.
मग ग्रीस, आट्यांच्या घळीत,
आणि डोक्याखाली, वॉशर घासतो तिथेही.
"पुरणपोळीवरचं तूप नाही हे,
काजळ घालतेस तसं घाल."
हे मला मुलगी म्हणून सांगत
की सगळ्यांनाच, कधी विचारलं नाही.

एकदा त्यांनी पान्यावरचा माझा जोर
खडूनं फरशीवर मांडून दाखवला,
कोळणी मासळीचे वाटे घालतात तसा.
अर्धा डोक्याखालचं घासणं खातं.
उरल्यातला बराचसा आटे खातात.
बोल्टच्या वाट्याला हा एवढासा, शेपटीकडचा.
"म्हणून तेल. या दोघांची हाव कमी करायला.
आणि घट्ट झाला म्हणजे काय झालं?
केसभर लांबला, नि आता
परत आखडायला धडपडतोय.
त्या धडपडीवर लतीफ बसतो."

त्या रात्री मिस्त्री चहाला गेले होते.
तक्त्यावर दोन रकाने, सुकं आणि तेलातलं.
बोल्ट मी माखून लावले
आणि आकडा सुक्याचा वाचला.
चारशे वीसच्या जागी पाचशे साठ.
पहिला, कट्. समोरचा दुसरा, कट्.
तिसऱ्याला पाना जड होत होत
एकदम मऊ झाला.
मऊ म्हणजे किती, तर आपण दार ढकलत असावं
आणि पलीकडून कुणीतरी हळूच कडी काढावी, इतका.
मग कट्.

तुटला नाही.
वरून बघितलं तर बाकीच्यांसारखाच,
सहा पैलू, डोक्यावर तोच शिक्का.
निळ्या रंगाची रेघ मारली असती
तर सकाळी पस्तिसांत मिसळून
माहीमला कामावर गेला असता.

रेघेचा ब्रश धरून मी उभी होते.
ब्रशवरचा रंग सुकायला लागला.
मिस्त्री आले. म्हटलं, तिसरा मऊ लागला.
ओरडतील असं वाटलं.
त्यांनी ग्लास टायरवर ठेवला.
"आणि पहिले दोन?"
त्यांचा मी विचारच केला नव्हता.

तिन्ही काढले, व्हर्नियर लावला.
तिसरा पाऊण मिलिमीटर वाढला होता, कायमचा.
दोघे ठीक निघाले. तेही भंगाराच्या डब्यात.
"मापात आहेत. भरवशात नाहीत."
नवे तीन घासले, पुसले, माखले.
आकडा त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला,
तीनदा. लतीफ वर झोपला होता तरी.

तो तिसरा आता माझ्या टेबलावर
चलनांवर वजन म्हणून असतो.
नवी पोरं येतात, हाताला चाळा म्हणून
त्याच्यावर नट फिरवत बसतात.
अर्ध्यापर्यंत लोण्यासारखा जातो, मग अडतो.
पोरं जोर लावायला लागतात,
एक जण तर पाना शोधायला उठला.
राहू दे, मी म्हणते,
तो आधीच जास्त आवळून झालाय.